उठा, बेडवर बसा, हालू नका

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका दवाखान्यात, भर दुपारी, पुरुष वॉर्डातले झाडून सगळे पेशंट हातात पेले घेऊन एका टेपरेकॉर्डरपुढं उभे राहिले आणि त्याच्याकडं दूध मागू लागले. त्यात हर्नियाचे होते, अपेंडिक्सचे होते, आणि ज्याचा एक पाय प्लास्टरमध्ये होता तो उरलेल्या पायावर होता.

हा प्रकार घडला नाही. म्हणजे दवाखान्याच्या कमिटीनं तसा ठरावच केला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव एकमतानं पास झाला. एकमतानं न घडलेल्या गोष्टीला घडली म्हणणारे आपण कोण? दवाखान्याचं नावही सांगत नाही, कारण जिथं काही घडलंच नाही त्या जागेला नाव कशाला लागतं! फक्त ही न घडलेली गोष्ट घडली कशी, तेवढं ऐका.

दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती. तिथं रामहरी शेंडगे हा कुर्डुवाडीचा तरुण मुलींना शरीरशास्त्र शिकवायचा. शिकवायचा चांगलं, पण होता टेम्पररी. टेम्पररी म्हणजे काय हे ज्याला कळत नसेल त्यानं त्या शाळेची स्टाफरूम बघायला हवी होती. कायम माणसाला खुर्ची, टेम्पररीला स्टूल. स्टूलही पेशंट तपासायचं, गोल फिरणारं. त्यामुळं रामहरी कुणाशी बोलता बोलता हळूहळू भिंतीकडं तोंड करून बसलेला आढळायचा.

स्टुलाचं त्यानं मनावर घेतलं नसतं. पण त्याला मंगळवेढ्याची रंभा दाखवली होती. पोह्यांची बशी पुढं करताना, मोठ्या माणसांचं लक्ष ज्वारीच्या भावाकडं आहे असं बघून, रंभा हळूच म्हणाली होती, "कायम झाल्यावर माणूस वेगळा दिसतो का हो?" या प्रश्नाचं उत्तर रामहरीला तेव्हा सुचलं नाही, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचेना. रंभाच्या वडलांना, जोतीरामअण्णांना, मात्र सगळं सुचत होतं. सुपारी कातरत ते म्हणाले, "पावनं, पोरगं पसंत हाय. पर आमी पोरगी कायमची देनार, तर जावईबी कायम पायजे की. टेम्पररी जावई घिऊन काय करू? मुदत संपल्यावर परत कुटं पाठवू?"

 आषाढाच्या आत रामहरीनं कायम व्हायचं, नाहीतर अण्णा दुसरं स्थळ बघणार, असं ठरून बैठक उठली.

कायम होण्याची वाट एकच होती. मुंबईहून नर्सिंग कौन्सिलच्या निरीक्षक बाई येणार, शाळा बघणार आणि शेरा मारणार. शेऱ्यात जे कायम करा म्हणून येईल ते कमिटी कायम करणार. शाळेच्या मेट्रन जगदेवी म्हमाणे बाईंनी रामहरीला बोलावून सांगितलं, "शेंडगे, निरीक्षक बाईंना दिसेल असं काहीतरी करा. माझ्यापुरतं विचाराल तर तुम्ही आहात तसे चालता. पण शेरा मी मारत नाही."

काहीतरी करायची बुद्धी रामहरीला पुण्याच्या शिबिरात झालेली होतीच. त्या शिबिराला जायला कुणी तयार नव्हतं म्हणून टेम्पररी माणूस पाठवला होता. तिथं दिल्लीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, की विद्या सगळ्यांच्या डोक्यात एकाच दारानं शिरत नाही. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हातानं करून. ज्याचं जे दार उघडं असेल तिथं यंत्र नेऊन लावा. डोळ्याला स्लाइड लावा, कानाला टेप लावा, हातात बाहुला द्या. रामहरीला हे एकदम पटलं. शिबिरातलं जेवणही चांगलं होतं, आणि चांगल्या जेवणावर ऐकलेला विचार सहसा चुकीचा वाटत नाही.

परत आल्यावर त्यानं मुलींचे तीन गट पाडले आणि त्यांना शोभतील अशी नावं ठेवली: नेत्रगामिनी, कर्णगामिनी आणि हस्तगामिनी. दुसऱ्याच दिवशी मैंदर्गीची काशम्मा ही अंगापिंडानं भरलेली विद्यार्थिनी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"सर, मी जाड हाय म्हणून मला हत्तीत घातलं काय?"

"हत्तीत नाही. हस्त म्हणजे हात."

"मग समद्या पोरी मला सोंड दाखवायल्यात त्या का?"

रामहरीनं संस्कृत मागं घेतलं आणि साध्या मराठीत डोळे, कान आणि हात एवढंच ठेवलं. त्यातून वेगळाच घोळ सुरू झाला. होस्टेलमध्ये 'कान अजून उठले नाहीत', 'डोळ्यांनी डाळ संपवली' असली वाक्यं ऐकू येऊ लागली. मेट्रनबाईंनी एकदा शिपायाला विचारलं, "हात कुठायत?" शिपाई म्हणाला, "धुवायला गेल्यात."

कोण कुठल्या गटाचं हे ठरवायला दिल्लीच्या गृहस्थांकडं छापील परीक्षा होती, पण ती इंग्रजीत होती आणि तिची उत्तरं रामहरीलाच येत नव्हती. तेव्हा गट पाडतानाच त्यानं स्वतःची परीक्षा काढली होती. प्रत्येक मुलीला वेगवेगळं बोलावून कुर्डुवाडी जंक्शनवरचा एक विनोद सांगायचा. हसली तर कान. नुसती तोंडाकडं बघत राहिली तर डोळे. मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली तर हात. परीक्षा शास्त्रशुद्ध होती, पण मैंदर्गी-अक्कलकोटकडच्या ज्या मुलींच्या घरी कानडी बोलतात, त्यांना तो विनोद भरभर सांगितल्यामुळं कळला नाही. त्या एकजात हातात गेल्या. कानात उरल्या त्या निव्वळ मराठी मुली. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. आली असती तर पुढची न घडलेली गोष्ट खरोखरच घडली नसती.

मग यंत्रं आणायची पाळी आली, आणि रामहरी स्टोअरकीपर निंगप्पाच्या खिडकीपुढं उभा राहिला.

निंगप्पा हा सज्जन माणूस होता. तो कुणालाही नाही म्हणायचा नाही. तो फक्त विचारायचा.

"टेपरेकॉर्डर कुठल्या सदरात घालू, मास्तर?"

"उपकरणात घाला."

"उपकरण पेशंटला लागतं. हे पेशंटला कुठं लावायचं?"

"पेशंटला नाही हो, मुलींच्या कानाला."

"मग कानाच्या डॉक्टरची सही आणा."

कानाचे डॉक्टर कामात होते. मान वर न करता त्यांनी यंत्र टेबलावर ठेवायला सांगितलं, सवयीनं बॅटरीचा उजेड पाडून स्पीकरच्या भोकात बघितलं आणि कागदावर 'मळ नाही' असं लिहून सही केली. हा कागद बघून निंगप्पाचं समाधान झालं. पण मळ नाही म्हणजे उपकरणाची गरज नाही, असा त्यानं त्याचा अर्थ लावला, आणि शेवटी टेपरेकॉर्डर 'वाद्ये' या सदरात, पूर्वीच्या एका सुपरिटेंडंटांनी भजनासाठी घेतलेल्या हार्मोनियमच्या खाली गेला. वाद्य झाल्याबरोबर त्याला वाद्याचे नियम लागू झाले. दवाखान्याच्या आवारात वाद्य वाजवायला बंदी होती. तशी पाटीच होती.

"वाजवू नका," निंगप्पा म्हणाला, "नुसतं बोलवा. बोलायला बंदी न्हाय."

यंत्राबरोबर दोन टेपा आल्या होत्या. आता दवाखान्यात टेप म्हणजे काय, हे शेंबडं पोर सांगेल. जखमेवर लावायची चिकटपट्टी. निंगप्पानं त्यातली एक टेप इमानेइतबारे ड्रेसिंगरूमला पाठवली, आणि ड्रेसिंगरूममध्ये येणारी प्रत्येक पट्टी वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायची असते. बाहेर आली तेव्हा तिचा कुरडईसारखा गोळा झाला होता. पण जंतू म्हणाल तर एक नव्हता. दुसरी वाचली, कारण तिचा डबा निंगप्पाला आवडला होता आणि त्यानं त्यात लवंगा ठेवल्या होत्या.

डोळ्यांसाठी स्लाइड प्रोजेक्टर आला. तो लावला की शाळेचा फ्यूज उडायचा. त्यामुळं डोळ्यांनी सबंध उन्हाळा अंधार बघितला, आणि त्यांना तो पाठ झाला.

हातांसाठी रबरी पेशंट परदेशातून यायचा होता. तो यायच्या आधी काशम्माचं लग्न होऊन तिला नातवंडं झाली असती. तेव्हा रामहरीनं गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापसाचा पेशंट भरून घेतला. पिंजाऱ्यानं आयुष्यात माणूस भरलेला नव्हता. त्यानं दोन्ही हात डावे केले आणि गादीला घालतात तसे अंगभर टाके घातले, त्यामुळं पेशंट बारा ऑपरेशनं झाल्यासारखा दिसायचा. हातांनी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी त्याला अंघोळ घातली. कापूस तो! दोन बादल्या पाणी प्याला आणि असा जड झाला, की स्ट्रेचरवर घालून चौघांनी पटांगणात नेला आणि पांढरी चादर घालून उन्हात वाळत ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या पायाशी दोन हार आणि एक उदबत्ती लागली होती, आणि कुठली तरी एक म्हातारी उशाशी बसून मनापासून रडत होती. "कुनाचं का आसंना," ती म्हणाली, "दोनी हात डावं घिऊन जलमला बिचारा."

म्हणजे डोळे गेले, हात भिजले. निरीक्षक बाईंना दाखवायला उरले ते कान, आणि एकुलती एक टेप. तिला लवंगांचा वास येत होता.

रामहरीनं धडा निवडला तो 'पेशंटला उठवून बसवणे'. ऑपरेशन झालेला पेशंट जितका लवकर उठून बसेल तितका चांगला, असं नवं शास्त्र निघालं होतं, आणि निरीक्षक बाई त्याच्या भोक्त्या आहेत अशी बातमी होती. धडा रेकॉर्ड करायला शांतता पाहिजे. दवाखान्यात ती मिळेना, म्हणून तो यंत्र घेऊन आपल्या भाड्याच्या खोलीवर आला. खोलीच्या एका बाजूला यंत्रमाग होते, दुसऱ्या बाजूला यंत्रमाग होते, आणि समोर घरमालकीण सुंदरम्मा होती. तिचा आवाज दोन्हीकडच्या मागांना पुरून उरायचा.

"खटखट यंत्रात जाती व्हय?" सुंदरम्मा म्हणाली. "त्यात काय यप्पा! चादरी लावा की."

गल्लीत चादरींना तोटा नव्हता. जो तो आपापल्या मागावरची चादर घेऊन आला आणि सल्ला देऊन गेला. भिंतींना चादरी, खिडकीला चादरी, दाराला दुहेरी चादरी. वैशाखातलं सोलापूरचं ऊन, वर पत्रा, आत रामहरी. एकानं सुचवलं, अंगावरही एक घ्या, पोटातला आवाज बाहेर येणार नाही. दुसऱ्यानं बाहेरून ओरडून सांगितलं, "मास्तर, नुसतं बोलू नका. माठात तोंड घालून बोला. आवाज भारदस्त येतो!" रामहरीचा आवाज मुळात बारीक होता आणि ते त्याचं जुनं दुःख होतं. त्यानं रिकाम्या माठात तोंड घातलं, माइक आत सोडला आणि बोलू लागला:

"उठा. बेडवर बसा. हालू नका."

शिबिरात सांगितलं होतं, कान पुनरावृत्तीनं शिकतो. म्हणून टेप संपेपर्यंत तो तेच बोलत राहिला. बाहेर आला तेव्हा उकडलेल्या रताळ्यासारखा दिसत होता. पण आवाज खरंच भारदस्त आला होता. माठानं त्याला एक घुमारा दिला होता, आणि त्या बदल्यात 'ठ' मधला हकार ठेवून घेतला होता. कोणताही माठ फुकट काही देत नाही.

सुंदरम्मानं दारातून ऐकलं आणि गालावर बोट ठेवलं. "अगदी धारवाड रेडिओवरच्या माणसागत!" ती म्हणाली. रामहरीला ही स्तुती वाटली. ती सूचना होती हे त्याला कळलं नाही, कारण कुर्डुवाडीत कानडी शिकायची सोय नव्हती.

निरीक्षक बाई आल्या. पांढरी साडी, साखळीला अडकवलेला चष्मा आणि बोलणं असं शुद्ध, की शिपायानं त्यांना पाणी देतानासुद्धा आधी मनात वाक्याची जुळवणी केली. वर्गात नेऊन रामहरीनं आधी डोळे दाखवायला घेतले आणि फ्यूज उडाला.

"हरकत नाही," काळोखातून बाई म्हणाल्या. "आपण कान पाहू."

पण कानांनाही वीज लागते. सगळ्या इमारतीत चालू असलेला प्लग एकच होता, पुरुष वॉर्डात, मधल्या खांबावर. रामहरीनं क्षणभर विचार केला आणि यंत्र उचललं. मंडपवाल्याकडून मागून आणलेला कर्णा काशम्मानं खांद्यावर घेतला.

"शेंडगे," मेट्रनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "वॉर्डात पेशंट आहेत."

"बाई, धडापण पेशंटचाच आहे," रामहरी म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं पोह्यांची बशी होती.

त्या दिवसांत पुरुष वॉर्ड अक्कलकोटकडच्या मंडळींनी भरलेला होता. सगळे कानडी; मराठी कामापुरतं. त्यांचा पुढारी म्हणजे शिवप्पा, हर्नियाचा पेशंट. ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले तरी तो उठायला तयार नव्हता. सिस्टरनी विनवून झालं, डॉक्टरांनी दटावून झालं. "टाके तुटल्यावर शिवनार कोन?" एवढंच तो विचारायचा आणि भिंतीकडं वळायचा. वेळ जेवणाची होती आणि दवाखान्याची बिनमिठाची, बिनतिखटाची पिवळी आमटी अजून यायची होती. तिची वाट कुणी बघत नव्हतं.

कान रांगेत उभे राहिले. रामहरीनं बटण दाबलं. कर्ण्यातून, धारवाडच्या घुमाऱ्यात, आवाज आला:

"ऊटा."

सगळ्या वॉर्डानं मान वळवली. कानडीत ऊटा म्हणजे जेवण.

"बेड…" आवाज म्हणाला. वर बसा वगैरे पुढचं मराठी होतं. ते सोडून द्या. बेड म्हणजे नको.

"हालू…" आवाज म्हणाला. हालू म्हणजे दूध.

 आवाजानं पुन्हा सांगितलं. ऊटा, बेड, हालू. जेवण, नको, दूध. तिसऱ्यांदा सांगितल्यावर शिवप्पाच्या डोक्यात उजेड पडला. इतक्या दिवसांत प्रथमच तो कोपरावर उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "ऊटा ब्याड अन्नोरिगे हालु अंत!"

ज्याला जेवण नको असेल त्याला दूध. एवढंच! शेजाऱ्यानं शंका काढली, आपल्याकडं ब्याड म्हणतात, हा बेड म्हणतो. शिवप्पा म्हणाला, शिकलेला दिसतो, बेंगळूरकडचा असणार. सरकारनं मुद्दाम पाठवलाय. आणि त्यानं उशाखालचा पेला काढला, पाय खाली सोडले आणि उभा राहिला.

मग काय! पिवळ्या आमटीपुढं कुणाची निष्ठा टिकणार? खाटा करकरल्या, पेले खणखणले. अपेंडिक्स उठलं, मूतखडा उठला, प्लास्टरवाला एका पायावर उड्या मारत आला. जो तो कर्ण्यापुढं जाऊन आपलं म्हणणं मांडू लागला. "ब्याड, ब्याड! ऊटा ब्याड!" आवाज त्यांना उत्तर देत होता, "उठा. बेडवर बसा. हालू नका." प्रत्येक खेपेला गर्दी एक पाऊल पुढं सरकत होती.

रामहरीनं बोटांवर मोजून बघितलं. आपण तीन साध्या सूचना दिल्या होत्या आणि पेशंट त्यातल्या दोन मोडत होते. उठले होते खरे. पण बेडवर बसत नव्हते आणि हालत तर इतके होते की कर्णा पडायला आला होता. काशम्मानं मात्र तोंडात पदर कोंबला होता. हसू आवरून ती त्याच्या कानाला लागली आणि तिनं तीन शब्दांचा अर्थ सांगितला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मी हात हाय सर. टेप कानांची. आमाला ऐकू दिली कुटं?"

रामहरीनं बटणाकडं झेप घेतली. तेवढ्यात निरीक्षक बाई कडाडल्या, "थांबवू नका!"

बाईंनी चष्मा लावला होता आणि त्यांचे डोळे पाणावले होते. "अठरा वर्षं मी दवाखाने पाहते आहे," त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रिया झालेला रुग्ण एका शब्दावर उठलेला मी पाहिलेला नाही. इथं सबंध वॉर्ड उठला! केवढा हा विश्वास! पण मेट्रन, ते हातात पेले कशासाठी?"

जगदेवीबाईंना कानडी पाळण्यातच येत होतं. पहिल्याच 'ऊटा'ला त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी रामहरीकडं बघितलं. असं बघणं पुन्हा नको म्हणून माणूस नोकरी सोडतो. मग त्या निरीक्षक बाईंकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "उठणाऱ्या पेशंटला आम्ही दूध देतो. प्रोत्साहन म्हणून."

आता देणं भाग होतं. स्वयंपाकघरातलं सगळं दूध आलं, डॉक्टरांच्या चहाचं आलं, सुपरिटेंडंटांच्या घरी विरजणाला ठेवलेलं आलं. त्या दिवशी सगळ्या दवाखान्यानं कोरा चहा प्याला. शिवप्पानं दोन पेले घेतले, कर्ण्याला हात जोडले आणि स्वतःच्या पायानं चालत खाटेकडं गेला. पुरुष वॉर्ड त्या आठवड्यात निम्मा रिकामा झाला, कारण उठलेली माणसं पुन्हा झोपायला कबूल होईनात.

शेरा उत्तम पडला. इतका उत्तम, की मेट्रनबाईंनी तो रामहरीला आधी बसायला सांगून मग वाचून दाखवला. "ध्वनिमुद्रण यंत्राचा परिणाम असाधारण आहे. सदर यंत्र तात्पुरते न ठेवता तातडीने कायम करावे." इथं बाई थांबल्या. "पुढं तुमच्याबद्दल आहे."

"वाचा, बाई," रामहरी म्हणाला. त्याचं स्टूल फिरायचं थांबलं होतं.

"ट्यूटरचा आवाज यंत्रात कायमस्वरूपी उपलब्ध झाल्याने ट्यूटरच्या जागेची आवश्यकता आहे किंवा कसे, हे पुढील वर्षी तपासावे."

दुधाचा प्रकार घडलाच नाही असा ठराव करून कमिटीनं शेऱ्याचा मान राखला. यंत्र कायम झालं. रामहरी स्टाफरूममध्ये गेला तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीवर रेकॉर्डर बसलेला होता. कुणी मुद्दाम चेष्टा केली नव्हती. निंगप्पाला रिवाज माहीत होता, एवढंच.

जोतीरामअण्णांना मंगळवेढ्यात कळलं ते एवढंच, की सोलापूरच्या शाळेत कुणीतरी कायम झालं. पहिल्या एस.टी.नं ते हजर झाले आणि खिडकीशी जाऊन निंगप्पाला म्हणाले, "आमचं पावनं कायम झालं म्हनं?"

"झाले की," निंगप्पा म्हणाला. "आवाजापुरते."

अण्णांनी सगळं नीट समजून घेतलं. मग यंत्र वॉर्डातल्या प्लगला लावायला सांगून, कर्ण्यापुढं उकिडवं बसून, धडा शेवटपर्यंत ऐकला. रामहरी बाजूला उभा होता. एकदाही मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही.

"आवाज झ्याक हाय," अण्णा उठत म्हणाले. "खणखणीत. पर पावनं, आवाजाला मुंडावळ्या कुटं बांदायच्या?"

"अण्णा, टेपेत मीच आहे."

"व्हय. पर टेप कायम हाय, तुमी न्हाय. मग पोरगी टेपंला दिऊ?"

 अण्णा दारापर्यंत गेले आणि घुटमळले. धोतराचा सोगा झटकत, दुसरीकडं बघत म्हणाले, "न सांगून कसं चालंल… रंभीनं निरोप दिलाय. म्हनती, आवाज झालाय तर तेवडा तरी घिऊन या. बाकीचा झाल्यावर बगू." आणि मग जास्तच कठोर होऊन, "आषाढ लागायला आलाय, पावनं. बाकीचं कदी हुनार ते लौकर कळवा!"

बाकीचं कधी होणार हे ठरवणं रामहरीच्या हातात नव्हतं. हातात होतं ते अर्ज करणं. टेम्पररी माणसाला तेवढा हक्क असतो. त्याच संध्याकाळी त्यानं फुलस्केप कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं:

"मा. सचिव, व्यवस्थापन कमिटी, यांचे सेवेसी. मेट्रनबाई यांचेमार्फत.

विषय: अर्जदाराचा उर्वरित भाग कायम करणेबाबत.

महोदय, अर्जदार आपल्या शाळेत टेम्पररी ट्यूटर असून अर्जदाराचा आवाज कमिटीच्या ठरावान्वये यंत्रासह कायम झालेला आहे. त्याबद्दल आवाजाच्या वतीने आभार. तथापि सदर आवाज व अर्जदार हे जन्मापासून एकत्र राहत आले असून, एक कायम व एक टेम्पररी अशा स्थितीत दोघांनाही अडचण होत आहे. सबब, आवाज ज्या तारखेपासून कायम धरण्यात आला त्याच तारखेपासून अर्जदाराचे डोळे, कान, हात व इतर किरकोळ अवयवही कायम धरण्यात यावेत. तसे करणे नियमात बसत नसल्यास, सदर आवाज यंत्र, टेप व कर्णा यांसह आषाढापूर्वी एक दिवस मौजे मंगळवेढा येथे बोहल्यावर उभा करण्यास परवानगी असावी, व त्याच्या शेजारी उभे राहण्याकरिता अर्जदारास त्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."